चिकटपट्टी आणि तूप

जखमेचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु जखम बरी झाल्यावर तिच्या भोंवतालच्या निरोगी कातडीवर जो एक तांबडा चौकोन मागें राहतो, त्याचा इतिहास कोणीं लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. बोट कापलें, गुडघा फुटला, हातांत सलाईनची सुई टोंचली, कीं आज चिकटपट्टी आलीच. ती चिकटलेली असते तोंपर्यंत तिचा आपणांस विसर पडतो. ती निघते तेव्हां मात्र कातडीचा कांहीं अंश घेऊन निघते, आणि मूळ जखम बाजूस राहून तिच्या शेजारची कातडीच दोन दिवस चुणचुणत, खाजत, क्वचित् बारीक फोडांनीं भरून राहते. मूल पडलें तेव्हां रडलें नसेल इतकें पट्टी काढतांना रडतें. हा अनुभव इतका घरगुती आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः कातडीला चिकट पदार्थ लावण्याची कला जितकी जुनी, तितकीच त्या चिकटानें होणारा दाह शमविण्याची कलाही जुनी आहे. आपल्याकडे या दोहोंची एकेकाळीं चांगली सांगड होती. ती कशी सुटली आणि आतां कोठें पुन्हा बसूं लागली आहे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

या शोधाचा आरंभ आम्ही पुण्यामुंबईपासून न करतां मोलगीपासून करणार आहों. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेलें म्हणजे सातपुड्याच्या पोटांत हें गांव लागतें. १९९८ च्या जुलैमध्यें नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत व त्याहीपूर्वीं पश्चिम खानदेशांत मोडत असे. होळीसाठीं प्रसिद्ध असलेलें काठी हें जुन्या मेवासी संस्थानाचें गांव येथून जवळच आहे. एका क्षुल्लक चिकटपट्टीसाठीं वाचकांस इतक्या लांब नेण्याचें कारण असें कीं, हें डोंगराळ रान म्हणजे चिकट पदार्थांचें एक मोठें कोठारच आहे. खैराच्या गाभ्यांत कात आहे, धावड्याला डिंक आहे, सालईला सुगंधी राळेसारखा गोंद आहे, बिब्ब्याच्या फळांत काळाकुट्ट रस आहे, आणि आंब्याच्या देंठांत चीक आहे. माणसानें जें जें कातडीला चिकटविलें त्याचे बहुतेक मासले या एका रानांत सांपडतात, आणि कातडीला पोळणारे कांहीं अस्सल मासलेही येथेंच आहेत.

त्यांपैकीं आंब्याचें उदाहरण मोलगीस अगदीं रोजचें आहे. या भागांतील व शेजारच्या धडगांवकडील आमचूर सर्वत्र जातो. उन्हाळ्यांत घरोघर कैऱ्या सोलून, चिरून, उन्हांत वाळत घालण्याचें काम चालतें, आणि तें बहुतांशीं बायका व मुलें करतात. कैरीच्या देंठाशीं जो चीक असतो तो हाताला लागला, किंवा हात पुसतां पुसतां गालाला लागला, कीं तेथें आग होते, कातडी काळवंडते व कधीं कधीं फोड उठतात. कोंकणांतील आमच्या वाचकांस याची ओळख करून द्यावयास नको. आंबा उतरणाऱ्यांना तो चीक चांगला ठाऊक असतो. बिब्बा, आंबा, काजू व चारोळी ही सर्व झाडें वनस्पतिशास्त्राप्रमाणें एकाच कुळांतलीं. या कुळांतील अनेक झाडांच्या रसांत एकमेकांशीं मिळतींजुळतीं अशीं दाहक द्रव्यें असतात, आणि एकाची कातडीला एकदां ओळख पटली म्हणजे दुसऱ्यालाही ती चिडून उठते, असें आतां रसायनशास्त्रज्ञ सांगतात. आमच्या आज्यांना हें कूळ ठाऊक नव्हतें; पण आंबा कापण्यापूर्वीं देंठ तोडून चीक गळूं द्यावा व हाताला थोडें तेल चोळावें, हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

कामापूर्वीं लावलेलें हें तेल ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व कथेंत तें पुन्हा पुन्हा येणार आहे. बिब्ब्याचें औषध देण्याची जी रीत आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितली आहे, तींत रोग्याचे ओठ, जीभ व टाळू आधीं तुपानें माखून मग तें औषध पाजावें असें आहे. औषध दाहक आहे हें मान्य करून त्याच्या वाटेवर आधींच तुपाचा पडदा धरावयाचा, ही ती युक्ति. बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय हाल होतात हें ज्यानें पाहिलें आहे त्याला त्या तुपाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष पट्टीकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील अठरावा अध्याय सबंधचा सबंध लेप व बंध यांना वाहिलेला आहे. सुश्रुताच्या शस्त्रक्रियांची वाहवा करणारे लेख आमच्या मासिकांतून वेळोवेळीं येतात. परंतु या अध्यायाकडे कोणी फारसें फिरकत नाहीं, कारण त्यांत चमत्कार कांहीं नाहीं, केवळ परिचारकाची सावधगिरी आहे. बंधांचे चौदा प्रकार तेथें नांवनिशीवार दिले आहेत; कापूस, लोंकर, रेशीम, चामडें, झाडाची अंतरसाल, भोपळ्याचा तुकडा, वेल, दोरी अशी बंधद्रव्यांची यादी आहे; बंध कोठें घट्ट, कोठें मध्यम व कोठें सैल असावा हें अवयवाप्रमाणें सांगितलें आहे. भाजलेल्या जखमा व आणखी कांहीं व्रण तर मुळींच बांधूं नयेत असाही निषेध आहे. पण आमच्या विषयाला जवळचे आहेत ते लेपाचे नियम. लेप केसांच्या उलट दिशेनें लावावा, म्हणजे तो नीट बसतो व औषध आंत जातें. त्याची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी. एकदां लावलेला लेप पुन्हा लावूं नये, शिळा लावूं नये, आणि एका लेपावर दुसरा चढवूं नये. गळूं पिळून काढण्याचा हेतु असेल तेवढा प्रसंग सोडून, लेप अंगावर सुकूं देऊं नये; सुकलेला लेप गुण तर देत नाहींच, उलट पीडा मात्र करतो.

हे नियम वाचतांना लेखकानें हा लेप स्वतः कातडीवरून ओढून काढलेला असला पाहिजे असें आम्हांस वाटतें. निव्वळ तर्कानें हें सुचत नाहीं. लेप लावण्याची दिशा केसांच्या उलट असेल तर काढण्याची दिशा केसांच्या बाजूनें असली पाहिजे, हें ओघानेंच येतें. आणि आजच्या रुग्णालयांत परिचारिकांना चिकटपट्टी काढण्याचा जो धडा देतात त्यांतही हेंच शिकवितात. दोहोंच्या दरम्यान सुमारें दोन हजार वर्षें गेलीं.

ग्रंथांत लिहिलेलें असलें म्हणजे तें घडतच होतें असें मात्र नाहीं. आमच्या वैद्यकाच्या अभिमानी लेखकांची ही एक नेहमींची चूक आहे, कीं श्लोक सांपडला म्हणजे ते प्रयोग सांपडला असें समजतात. म्हणून ग्रंथाबाहेरचा, डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा पाहिजे. आणि सुदैवानें असा एक पुरावा खुद्द पुण्याच्या परिसरांतील आहे. त्याचें दुव्याचें द्रव्यही मोलगीच्या रानांत आढळणाऱ्या खैरांतूनच निघतें.

१७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं लागला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानें त्याच्या कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. ही क्रिया मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें तिचें वर्णन कावसजीच्या चित्रासह छापून आलें. त्या कारागिराची जात तेथें नोंदली आहे, नांव नाहीं. ज्याचें नांव राहावयास हवें होतें तेंच गेलें, असो.

या प्रसंगाचा गौरव सर्वत्र झाला आहे. जोसेफ कार्प्यू यानें त्याच मार्गानें १८१४ सालीं लंडनमध्यें नाकाची शस्त्रक्रिया केली व १८१६ सालीं तिजवर पुस्तक लिहिलें, तेव्हांपासून कपाळावरून काढलेली ती कातडी जगाच्या ग्रंथांत गेली. परंतु त्या लेखांतील दोन लहान वाक्यें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात, आणि तीं बहुधा वाचून सोडून दिलीं जातात. मेणाच्या पातळ पत्र्यानें नाकाचें माप घेतलें, तें कपाळावर ठेवून रेघ आंखली, भुंवयांच्या मध्यें थोडा सांधा राखून कातडी सोडविली व पीळ देऊन खालीं आणली. येथवर सर्वजण सांगतात. मग ती जागेवर धरून ठेवावयाची कशानें? टांके नाहींत. कात पाण्यांत कालवून तो कापडाच्या चिंध्यांवर फांसला, आणि अशा पांच-सहा चिंध्या एकावर एक ठेवून सांधा पक्का केला. चार दिवस या चिकटपट्टीखेरीज दुसरें कांहींही लावलें नाहीं. चार दिवसांनीं ती काढली, आणि तिच्या जागीं तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवलीं. जोडणारा सांधा सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापला.

चार दिवस कात आणि मग तूप! इंग्रज लेखकानें काताला ‘टेरा जपोनिका’, म्हणजे जपानची माती, असें त्यावेळचें व्यापारी नांव दिलें आहे. तो ना जपानचा, ना माती. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, तो काढा आटवून थंड केला म्हणजे कात होतो. पानाबरोबर तोंडांत घातला असतां तोंड जसें आंवळल्यासारखें होतें, तसाच तो जखमेच्या कडाही आंवळून धरतो व वाळला म्हणजे कडक होतो. कातडीला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा हा गुण तोच त्याचा दोष. कडक झालेला कात नव्या नाजूक कातडीवर पांचव्या दिवशींही तसाच राहता तर त्यानें ती तडकविली असती. त्या कारागिराला हें ठाऊक होतें. चिकट कोणत्या दिवशीं लावावा यापेक्षां तो कोणत्या दिवशीं काढावा, आणि काढल्यावर तेथें काय ठेवावें, हें त्याच्या विद्येचें अर्धें अंग होतें. आम्ही वर सांगड म्हटली ती हीच.

युरोपांत याच सुमारास व पुढें शंभर वर्षें काय चाललें होतें? तेथील जुनी पट्टी शिशाची. मुरदाडशिंग व तेल एकत्र शिजवून होणारें हें मलम रोमन काळापासून चालत आलें होतें. तें फारसें चिकटत नसे, म्हणून त्यांत राळ घालीत, आणि विस्तवापुढें ऊन करून तें लावीत. आमच्याकडील जुन्या मंडळींच्या बोलण्यांत ‘पलिस्तर मारणें’ हा प्रयोग येत असे; तें पलिस्तर तर मुद्दाम फोड उठविण्यासाठींच असे, म्हणजे तेथें दाह हा अपघात नसून उपचारच होता. १८४५ सालीं अमेरिकेंत रबर मिसळलेल्या पट्टीचें पेटंट घेण्यांत आलें. रबरामुळें पट्टी ऊन करण्याची गरज संपली. बोटानें दाबली कीं चिकटे. १८८२ च्या मार्चमध्यें हँबुर्ग येथील औषधविक्रेता पॉल बायर्सडॉर्फ यानें औषधी पट्ट्यांचें पेटंट घेतलें, आणि आठ वर्षांनीं त्याचा धंदा ऑस्कर ट्रॉप्लोविट्झ यानें विकत घेतला. या ट्रॉप्लोविट्झची एक हकीकत मोठी गमतीची आहे. त्याची एक पट्टी चिकटण्यांत इतकी पक्की, पण कातडीला इतकी जाचक झाली, कीं ती अखेर १८९६ सालीं सायकलच्या टायरांचीं भोंकें बुजविण्यासाठीं बाजारांत आली. रबराला खाज सुटत नाहीं!

पुढें १९०१ सालीं त्याच कारखान्यानें चिकटांत जस्ताचें भस्म, म्हणजे झिंक ऑक्साइड, मिसळलेली पांढरी पट्टी काढली. कातडीचा दाह कमी व्हावा हाच तीमागील हेतु होता, आणि तो पुष्कळ अंशीं साधला. रुग्णालयांतील जाड पांढरी पट्टी आपण अजून पाहतों ती हिचीच वंशज. जस्ताचें हेंच भस्म, किंचित् लोहभस्मानें गुलाबी झालेलें, कॅलामाइन या नांवानें बाटलींत मिळतें व खाजणाऱ्या कातडीवर लावतात. म्हणजे पट्टींत जस्त आणि पट्टी काढल्यावरही जस्त. दाहाचें औषध दाहकाच्याच पोटांत घालून ठेवण्याची ही युक्ति आम्हांस मोठी कल्पक वाटते. तथापि तिनें एक नुकसानही केलें. पट्टी निरुपद्रवी झाली असें सर्वांस वाटूं लागलें, आणि ती काढल्यावरच्या उपचाराचें कोणास अगत्य राहिलें नाहीं.

ती निरुपद्रवी झालेली नव्हती. जस्ताबरोबर राळ तशीच होती, आणि पाइनच्या राळेला हवा लागून जीं द्रव्यें बनतात त्यांचें कांहीं माणसांच्या कातडीशीं कायमचें वांकडें येतें. १८९५ सालीं योझेफ याडासोन या त्वग्रोगतज्ज्ञानें पाऱ्याचें औषध रोग्याच्या निरोगी कातडीवर बांधून तोच चट्टा तेथें पुन्हा उमटवून दाखविला, तेव्हांपासून अशा वैराची परीक्षा करण्याची पद्धत पडली. आजही संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखालीं दोन दिवस ठेवून ही परीक्षा करतात. मौज अशी, कीं परीक्षेसाठीं लावलेल्या पट्टीच्या चिकटानेंच कित्येकांची पाठ लाल होते, आणि मग गुन्हेगार कोण, आंतला कीं बाहेरचा, याचा निवाडा डॉक्टरास करावा लागतो.

असाच निवाडा दुसऱ्या महायुद्धांत आपल्या धोब्यांविषयीं करावा लागला. कपड्यांवर खूण करण्यासाठीं धोबी बिब्ब्याचा रस व चुना वापरीत. ती काळी खूण धुऊन जात नाहीं. हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जेथें जेथें खुणेचें कापड अंगास घांसे तेथें तेथें चट्टे उठूं लागले, आणि १९४३ सालीं अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. पट्टी नाहीं, चिकट नाहीं. नखाएवढी खूण तेवढी. सातपुड्यांतील रानफळाचा रस कातडीची ओळख किती जन्मभर धरून ठेवतो याचें याहून चांगलें उदाहरण नाहीं.

१९२० सालीं अमेरिकेंतील अर्ल डिक्सन या गृहस्थानें, पत्नीचीं बोटें स्वयंपाक करतांना वारंवार कापतात म्हणून, चिकटपट्टीच्या मध्यभागीं जाळीच्या कापडाची घडी बसवून ठेवली, आणि तींतून पुढील वर्षीं ‘बँडएड’ बाजारांत आली. आपल्याकडे हें एका मालाचें नांव आतां सामान्यनामच झालें आहे; कोणत्याही कंपनीची पट्टी असो, मूल ‘बँडेड’च मागतें. डॉक्टर, परिचारिका, किंवा विटा पाडणारा तो कारागीर, यांपैकीं कोणीही मध्यें नसतां पट्टी लावतां येऊं लागली ही मोठी सोय झाली खरी. पण ती कधीं व कशी काढावी हें सांगणाराही त्याबरोबरच गेला. डबीवर लावण्याचें चित्र असतें. काढण्याचें चित्र आम्हीं अजून पाहिलेलें नाहीं.

येथें एका पट्टीचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं, कारण ती जखम नसतांना लावली जाते, आणि आमच्या घरांतील निम्म्या माणसांशीं तिचा संबंध आहे. ती म्हणजे टिकली. पूर्वीं बायका कपाळावर बोटानें मेण लावीत व त्यावर कुंकू टेंकीत. मेण चिकटही आणि कातडीला मऊही. त्याच्यायोगें कुंकू बसे आणि कातडीचें रक्षणही होई. पुढें तयार टिकली आली, मेणाची डबी अडगळींत गेली, आणि तिच्या जागीं कृत्रिम गोंद आला. अशा कांहीं गोंदांत फिनॉलच्या जातीचें एक द्रव्य असतें. तें कित्येकींच्या कपाळीं आधीं खाज व मग टिकलीएवढाच पांढरा डाग उमटवितें. तें द्रव्य कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतें. असा डाग पाहून घरांत कोडाची जी धास्ती पडते, मुलीच्या लग्नाची जी काळजी सुरू होते, ती आमच्या वाचकांनीं कल्पिणें कठीण नाहीं. टिकली त्वरित बंद केली तर कित्येकदां रंग परत येतो, कित्येकदां येत नाहीं. डाग झांकण्यासाठीं अधिक मोठी टिकली लावणें हा जो उपाय पुष्कळजणी करतात, त्यासारखा घातक उपाय नाहीं.

आतां पट्टीखालीं घडतें काय तें थोडक्यांत पाहूं. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींच्या सुमारें पंधरा-वीस थरांचा असतो, आणि तो दोनेक आठवड्यांनीं नवा होतो. १९५१ सालीं हर्मन पिंकस यानें चिकटपट्टी पुनःपुन्हा लावून व उपटून हे थर एकामागून एक काढून दाखविले. पट्टी उपटणें म्हणजे कातडी सोलणें हें त्यानें प्रयोगशाळेंत सिद्ध केलें. तेव्हां लाली आली तर ती बहुधा या सोलण्याची असते. दुसरें कारण घाम: पट्टीखालीं कोंडलेल्या घामानें कातडी भिजून पांढरी व लिबलिबीत होते, आणि तशी कातडी लवकर फाटते. तिसरें कारण वर सांगितलेलें वैर; त्यांत खाज पट्टीच्या हद्दीबाहेरही पसरते, फोड येतात, आणि पुढच्या खेपेस अधिक लवकर येतात. पहिल्या दोहोंत काळजी घेतल्यास तीच पट्टी चालते. तिसऱ्यांत ती पट्टी जन्मभर वर्ज्य.

उपाय पुष्कळसे जुनेच आहेत. पट्टी वर ओढूं नये; तिचें टोंक कातडीशीं समांतर मागें दुमडून, दुसऱ्या हाताच्या बोटानें कातडी दाबून धरीत, केसांच्या दिशेनें हळूहळू सोडवावी. झटक्यानें ओढली म्हणजे दुखत नाहीं, हा घरोघरचा समज सर्वस्वीं चुकीचा आहे. दुःख थोडक्यांत आटोपतें, कातडी अधिक जाते. कडेनें खोबरेल तेल सोडून पांचेक मिनिटें थांबल्यास चिकट आपण होऊन सैल पडतो. मात्र हें तेल भोंवतालच्या कातडीपुरतें, उघड्या जखमेंत नव्हे. मग कोमट पाण्यानें धुवावें, न चोळतां टिपून घ्यावें, ओल्या थंड फडक्यानें आग शमवावी, आणि साधें पेट्रोलियम जेली किंवा कॅलामाइन लावावें. त्याच जागेवर लगेच दुसरी पट्टी लावूं नये. बांधणें भागच असेल तर स्वच्छ कापडाचा पट्टा गुंडाळावा. सुश्रुताच्या चौदा बंधांपैकीं एकालाही गोंद लागत नाहीं! फोड व स्राव असेल तर डॉक्टरांकडे जावें. १९५२ पासून कातडीवर लावण्याचीं स्टिरॉइड मलमें वापरांत आलीं आहेत, व तीं अशा वेळीं गुणकारी असतात; पण शेजारणीच्या सांगण्यावरून लावण्याचीं तीं नव्हेत.

तुपाविषयीं विचारणारे वाचक असतील. तांब्याच्या भांड्यांत पाण्यानें शंभर वेळां घोटून धुतलेलें तूप, ज्याला ग्रंथांत शतधौतघृत म्हणतात, तें अजून कांहीं घरांत कातडीच्या आगीवर करतात. अखंड कातडीवर तें थंड व सौम्य असतें यांत शंका नाहीं. परंतु कावसजीच्या जखमेवरील तूप पाहून आज कोणीं घरच्या बरणींतलें तूप उघड्या जखमेवर घालूं नये. जंतूंची गोष्ट त्या कारागिराला ठाऊक नव्हती, आपणांस आहे. त्याच्याकडून घ्यावयाची ती चार दिवसांची शिस्त.

कारखान्यांनींही ती शिस्त आतां निराळ्या रूपानें उचलली आहे. १९६० सालीं राळविरहित ॲक्रिलिक चिकटाची, हवा खेळती ठेवणारी कागदासारखी पट्टी निघाली. नंतर सिलिकोनची पट्टी आली, जी उचलून पुन्हा लावतां येते. २०१३ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं चिकटपट्टीनें होणाऱ्या इजेला एक स्वतंत्र नांव देऊन तिच्याविषयीं नियम प्रसिद्ध केले. त्यांत पट्टी लावण्यापूर्वीं कातडीवर संरक्षक द्रवाचा पातळ पडदा द्यावा असें आहे. बिब्बा पाजण्यापूर्वीं ओठांना तूप माखणाऱ्या वैद्याला त्यांत नवल वाटलें नसतें.

या सर्व गोष्टी मोलगीस कोणत्या उपयोगाच्या, असें कोणी म्हणेल. तेथें ग्रामीण रुग्णालय आहे, आणि भोंवतालच्या पाड्यांवरून डोंगर उतरून-चढून आयाबाया तेथें पोरें घेऊन येतात. या मुलखांत कमी वजनाचीं व दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलीं बालकें थोडीं नाहींत, आणि सिकलसेलचा आजारही येथें घर करून आहे. सिकलसेलच्या कांहीं रोग्यांना घोट्याजवळ महिनेच्या महिने न भरणारा व्रण होतो. त्याची पट्टी पुनःपुन्हा बदलावी लागते, आणि व्रणापेक्षां त्याच्या भोंवतालची कातडीच आधीं हार खाते. फार लौकर जन्मलेल्या बालकाच्या कातडीचें तर सांगावयासच नको. मोठ्या माणसाच्या पंधरा-वीस थरांच्या जागीं त्याला दोन-तीनच असतात. त्याच्या मनगटावरील सुई जागेवर राहिली नाहीं तर तें जगत नाहीं. ती राखणारी पट्टी ओढून काढली तर तिच्याबरोबर बहुतेक सगळा पापुद्रा निघून येतो, आणि तेथूनच जंतूंना वाट मिळते. पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी स्वस्त असते व सर्वत्र मिळते; सिलिकोनची पट्टी महाग, व डोंगरांत ती सहजीं पोंचत नाहीं. अशा ठिकाणीं परिचारिकेच्या हातीं उरतें तें एवढेंच, कीं पट्टी रुंद न लावतां बोटाएवढी लावावी, जिथें जमेल तिथें गोंदाऐवजीं मऊ कापडाचा वेढा द्यावा, पट्टी एका दिवसांत दोनदां बदलण्याचा मोह आवरावा, आणि काढतांना कापसाचा ओला बोळा कडेनें फिरवीत, आईला बाळाचा हात धरावयास सांगून, सावकाश काढावी. आई जर त्या उन्हाळ्यांत आमचूर करून आलेली असेल, तर तिच्या स्वतःच्या बोटांवर कैरीच्या चिकाचे काळे डाग अजून असतील, आणि कातडी सांभाळून कशी धरावी हें तिला सांगावें लागणार नाहीं.